सिंहाचा वाटा

दापोली तालुक्यातील आमच्या घराच्या ओटीवर, मुख्य दाराच्या डाव्या अंगाला, सांबराच्या शिंगांची एक जोडी भिंतीत ठोकलेली होती. तिच्यावर आजोबांची ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली असे. घरातील लहान मुलाची छाती कफाने भरली की आजी त्याच शिंगाचे टोक सहाणेवर उगाळून लेप लावीत असे, आणि त्यामुळे एक शिंग दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड झाले होते. बंदुकीचा परवाना शेती संरक्षणाचा होता. रानडुकरांची पारध निघाली की वाडीतील वीस-पंचवीस माणसे हाकारे घालण्यासाठी जमत, आणि सावज पडल्यावर वाटे घातले जात. हाकाऱ्याला आलेल्या प्रत्येक घराला एक वाटा, बंदुकीला वेगळा, कुत्र्यांना वेगळा आणि एक ग्रामदेवतेच्या नावाने. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतर पारध हळूहळू थांबली, शिंगे वडिलांनी उतरवून वनखात्याच्या स्वाधीन केली आणि भिंतीत दोन खुंट्यांची भोके तेवढी राहिली. आजोबांनी ती शिंगे कधी पाहुण्याला मुद्दाम दाखवली नाहीत. ती मिरवण्याची वस्तू नव्हती, बंदूक ठेवण्याची खुंटी होती. ‘ट्रॉफी’ म्हणजे मारलेल्या जनावराचे डोके पेंढा भरून दिवाणखान्यात लावणे आणि त्यासाठीच त्याला मारणे, ही कल्पना मला पुष्कळ नंतर, शहरात गेल्यावर, पुस्तकांतून आणि चित्रांतून कळली, आणि तेव्हापासून आजवर मला तिची शिसारी वाटत आली आहे.

ही शिसारी २०१५ च्या जुलै महिन्यात संतापात बदलली. मी तेव्हा डोंबिवलीत राहत होतो आणि नोकरीची शेवटची वर्षे चालू होती. झिम्बाब्वेमधील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा, काळसर आयाळीचा, सुमारे तेरा वर्षांचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने बाणाने मारल्याची बातमी आली. त्याने या शिकारीसाठी सुमारे ५० हजार डॉलर मोजले होते, असे सांगितले गेले. आमिष म्हणून मेलेल्या हत्तीचे धूड ठेवले होते. पहिल्या बाणाने सिंह मेला नाही आणि कित्येक तास जखमी अवस्थेत काढल्यावर त्याला संपवण्यात आले. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बसवलेला, उपग्रहाशी जोडलेला पट्टा होता, म्हणजे त्याच्या शेवटच्या हालचालींची नोंदसुद्धा होत होती. मी त्या आठवड्यात ओळखीच्या प्रत्येकाला त्याचे छायाचित्र पाठवले, अशा शिकारीवर बंदी घालण्याच्या दोन-तीन आवाहनांवर सह्या केल्या आणि रात्री झोप येईना इतका अस्वस्थ झालो. ती अस्वस्थता खोटी नव्हती आणि आजही मी ती नाकारीत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत शिकणाऱ्या झिम्बाब्वेच्या एका विद्यार्थ्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. सिंह मारला गेल्याचे कळताच आपल्या घरच्यांसारख्या कुटुंबांना छळणारा एक सिंह कमी झाला या विचाराने आपल्याला बरेच वाटले होते, असे त्याने त्यात सांगितले होते. ज्या गावात तो वाढला तेथे सिंहाला कोणी नाव देत नसे, सिंह म्हणजे भीती होती. मला तो लेख निष्ठुर वाटला. त्या मुलाचे म्हणणे समजण्यासाठी मला पुढची तीन वर्षे आणि आमच्याच बागेतील एक सकाळ लागली.

२०१८ च्या डिसेंबरात, निवृत्तीनंतरच्या पहिल्या थंडीत, मी गावी होतो. आमची काजूची बाग घराच्या मागे डोंगराच्या उतारावर आहे आणि तिच्या खालच्या अंगाला शेजारच्या वाडीचे भाताचे मळे लागतात. पहाटे कुत्री एकसारखी भुंकत होती. उजाडल्यावर गेलो तेव्हा बांधावरच्या काजूच्या बुंध्याशी मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास आणि त्या फासात कमरेला अडकलेली बिबट्याची मादी दिसली. तिने झाडाची साल हात पोहोचेल तेथवर ओरबाडून काढली होती आणि बुंध्याभोवतीची माती गोल उकरली गेली होती. वनखात्याची माणसे पिंजरा घेऊन दोन तासांत आली. भूल देणाऱ्या पशुवैद्यांना लांबून यायचे होते. मी तेवढा वेळ तीस पावलांवर उभा होतो. ती आधी गुरगुरत होती, मग नुसते तोंड उघडे ठेवून श्वास घेत होती, आणि अकराच्या सुमारास श्वासही थांबला. पंचनाम्यात फास लावणारा ‘अज्ञात इसम’ असे लिहिले गेले. तो कोण होता हे मी येथे लिहिणार नाही. फास बिबट्यासाठी नव्हता, डुकरासाठी होता, हे मात्र तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते.

तीन दिवसांनी खालच्या वाडीतील तात्या ओटीवर येऊन बसले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

“भाऊ, वाघरू मेलं, वाईट झालं. तुम्ही फोटो काढलात, डोंबिवलीला धाडलात. पण डुकरांनी एका रात्रीत पोटरीला आलेलं भात लोळवलं, त्याचा फोटो कुणी काढला?”

मी नुकसानभरपाईचे नाव काढले. ती मिळते, पण अर्ज, सात-बारा, पंचनामा आणि फेऱ्या यांत जेवढे दिवस जातात तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. मग त्यांनी मान वळवून घरामागच्या उताराकडे पाहिले.

“आणि डुकरं ऱ्हातात कुठं? तुमच्या बागेत. वीस वर्षं तिथं कोयता फिरला नाय. रान तुमचं, डुकरं तुमची, आणि भात जातंय आमचं.”

यात चुकीचे एक अक्षर नव्हते. वडील गेल्यावर बागेची बेणणी कोणी केली नव्हती. काजूंच्या मधल्या जागेत रानमोडी, घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या माणसाच्या उंचीच्या वर गेल्या होत्या. मी वर्षातून एकदा येऊन त्या दाट रानाकडे पाहून सुखावत असे, त्यात भारद्वाज आहे, मुंगूस आहे, बिबट्याही असावा, असे मित्रांना अभिमानाने सांगत असे. कोकणात असे पडीक पडलेले वरकस आणि बागा गावोगाव आहेत, कारण आम्ही चाकरमानी मुंबईला गेलो आणि सात-बारावरचे नाव मात्र तसेच ठेवले. रानाचा आनंद माझ्या वाट्याला येत होता आणि रानाची किंमत तात्यांच्या वाट्याला. हे समीकरण एकदा दिसल्यावर मला आफ्रिकेतील सिंहांच्या शिकारीच्या वादाकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहता येईना, आणि मी त्याविषयी जे मिळेल ते वाचू लागलो.

सिंह आपल्या मूळ मुलखाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागातून नाहीसा झाला आहे. आफ्रिकेत आज २० ते २५ हजार सिंह असावेत, असा अंदाज दिला जातो. ते का कमी झाले, याची कारणे संशोधक साधारण एकाच क्रमाने सांगतात. राहण्याची जागा शेतीखाली आणि गुरांखाली गेली. हरणे आणि रेडे मांसासाठी मारले गेले, त्यामुळे सिंहाचे भक्ष्य संपले. आणि गुरे मारणाऱ्या सिंहांना माणसांनी सूड म्हणून भाल्याने, बंदुकीने आणि विषाने मारले. यात फासाचे स्थान फार मोठे आहे. तेथे कुंपणाच्या तारेचा फास हरणासाठी लावतात आणि त्यात सिंह सापडतो, येथे क्लच वायरचा फास डुकरासाठी लावतात आणि त्यात बिबट्या सापडतो. विषाचीही तीच गोष्ट. केनिया आणि टांझानियात मेलेल्या गाईवर कार्बोफ्युरानचे दाणे टाकून सिंहांचे कळपच्या कळप आणि त्यांच्यामागून गिधाडे मारली गेली आहेत, आणि हे कीटकनाशक आमच्याकडच्या शेतकऱ्यालाही चांगले परिचयाचे आहे. अशा मरणाची ना बातमी होते, ना त्या सिंहाला नाव असते. परवाना घेऊन, पैसे मोजून मारल्या जाणाऱ्या मोकळ्या सिंहांची संख्या या सगळ्यापुढे लहान आहे.

लहान आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे मात्र शिकारीच्या समर्थकांनी म्हणू नये, कारण सेसिलच्याच ह्वांगेमध्ये याचा हिशेब मांडला गेला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९९ पासून तेथील सिंहांना पट्टे बसवले. पहिल्या काही वर्षांत पट्टा बसवलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के नर उद्यानाला लागून असलेल्या शिकारीच्या राखीव भागांत मारले गेले. सिंहाच्या बाबतीत नर मरतो तेव्हा एकच जनावर मरत नाही. कळपाचा ताबा असलेला नर गेला की बाहेरचे नर त्या जागेत शिरतात आणि आधीच्या नराचे लहान छावे मारून टाकतात, म्हणजे मग माद्या लवकर माजावर येतात. उद्यानाच्या कडेला सतत नर मारले गेले तर आतले नर मोकळ्या जागेकडे ओढले जात राहतात आणि आतल्या कळपांतही छाव्यांची कत्तल होते. उद्यान सुरक्षित, म्हणून सिंह सुरक्षित, हे त्यामुळे खरे ठरत नाही. ह्वांगेच्या परिसरात काही वर्षे सिंहांची शिकार थांबवली तेव्हा नरांची संख्या सावरली, ही त्याच अभ्यासातील दुसरी बाजू.

टांझानियात सेरेंगेटीच्या सिंहांचा अनेक दशके अभ्यास केलेल्या क्रेग पॅकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जीवशास्त्रातून एक मार्ग सुचवला होता. नर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत त्याची एक पिढी बहुधा वाढून झालेली असते. त्यापुढच्या वयाचेच नर मारले तर कळपाचे फारसे बिघडत नाही, असे त्यांनी २००४ मध्ये मांडले. वय ओळखायचे कसे, तर नाकावरून. छाव्याचे नाक गुलाबी असते आणि वयाबरोबर त्यावर काळे ठिपके दाट होत जातात. टांझानियाने २०१० मध्ये सहा वर्षांची अट नियमात आणलीही. पण त्याच पॅकर यांनी २०११ मध्ये असेही दाखवून दिले की टांझानियात ज्या भागांत शिकारीचा कोटा मोठा होता तेथेच सिंह जास्त घटले होते. दोन हजार चौरस किलोमीटरमागे वर्षाला एकाहून अधिक सिंह मारू नये, ही त्यांची शिफारस वाचली की शिकारीतून मिळणाऱ्या पैशाला किती लवकर मर्यादा पडते ते समजते. शिकारीच्या ठेकेदाराला ठेका थोड्या वर्षांचा मिळतो आणि सिंहाचा नर सहा वर्षे वाढवावा लागतो, तेव्हा त्या ठेकेदाराने नाकावरचे ठिपके मोजत थांबावे अशी अपेक्षा करण्यासाठी कडक देखरेख लागते. ती काही ठिकाणी आहे, अनेक ठिकाणी नाही.

दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून गिऱ्हाइकाकडून मारवून घेतात, त्याविषयी मी येथे जास्त लिहीत नाही. लहानपणी पर्यटकांच्या मांडीवर दिलेले छावे मोठेपणी बंदुकीपुढे येतात आणि त्यांची हाडे आग्नेय आशियात विकली जातात. त्यात संवर्धनाचा अंशही नाही. त्या देशाच्या सरकारनेच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हा धंदा बंद करण्याचे सुचवले आहे आणि तो जितक्या लवकर बंद होईल तितके चांगले. वाद आहे तो मोकळ्या रानातील सिंहाचा.

त्या वादातील सर्वांत अवघड प्रश्न जमिनीचा आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला शिकारीसाठी राखलेली जमीन सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर आहे, असा एक अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त, आणि तेथील सगळ्या राष्ट्रीय उद्यानांच्या एकत्रित क्षेत्रापेक्षाही मोठी. यातील पुष्कळ भाग असा आहे की तेथे छायाचित्रे काढणारा पर्यटक जात नाही. झुडपे दाट, जनावरे विखुरलेली, रस्ते नाहीत, आणि निद्रारोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशा अंगावर तुटून पडतात. शिकारी जातो, कारण त्याला वर्षातून थोडेच दिवस आणि थोडीच जनावरे हवी असतात आणि एकटा शिकारी अनेक पर्यटकांइतके पैसे देतो. उद्या शिकार बंद केली आणि त्या जागी दुसरे काही आणले नाही तर ती जमीन सिंहांची राहत नाही, गुरांची, कोळशाच्या भट्ट्यांची आणि फासांची होते. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत तेथील वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. बंदीमुळे घटली, असे कोणी म्हणू नये, लोकसंख्या, कुंपणे, गुरे आणि दुष्काळ ही त्याची कारणे होती. पण बंदीने ती घट थांबली नाही, एवढे तर उघड आहे. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकार थांबवली आणि २०१९ मध्ये ती बंदी उठवली, गावांतील तक्रारींच्या रेट्यामुळे.

नामिबियाने १९९६ च्या कायद्याने गावांच्या सामाईक जमिनीवरील वन्यप्राण्यांचा वापर आणि त्यातून मिळणारे उत्पन्न गावांच्या संस्थांकडे सोपवले. तेथे शिकारीच्या शुल्कातील पैसा त्या संस्थेकडे येतो आणि हरणांचे मांस घरोघरी वाटले जाते. हे वाचताना मला आजोबांच्या वेळचे वाटे आठवले. पण इतर अनेक देशांत हा पैसा राजधानीतील कचेऱ्या आणि शिकार कंपन्या यांच्यामध्येच जिरतो, आणि ज्याची गाय सिंहाने खाल्ली त्याच्यापर्यंत फार थोडा पोहोचतो, ही टीकाकारांची तक्रार खरी आहे. सिंहाच्या डोक्याची किंमत येते आणि गावाला वाटा मिळत नाही, तर त्या गावाने सिंह का सांभाळावा?

आपल्याकडे या टप्प्यावर कोणीतरी गीरचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. आमच्या किनाऱ्याला जो अरबी समुद्र लागतो त्याच्याच वरच्या कडेला, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, आज सिंह वाळूतून चालताना दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते इतके थोडे उरले होते की जुनागढच्या नवाबाने त्यांच्या शिकारीवर निर्बंध घातले आणि १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनीही सिंहाची शिकार टाळली. २०१५ मध्ये त्यांची संख्या ५२३ होती, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१. एकही डोके विकावे लागले नाही. मला याचा अभिमान आहे. पण गीरचे उदाहरण आफ्रिकेच्या तोंडावर फेकण्याआधी ते कशावर उभे आहे हे पाहायला हवे. तेथे मारल्या गेलेल्या गुरांची भरपाई सरकार देते. उघड्या विहिरींत सिंह पडून मरत, म्हणून हजारो विहिरींना कठडे बांधून दिले गेले. सिंह पाहायला देशभरातून माणसे येतात. आणि शेतकऱ्याचा त्यात स्वतःचाही लाभ आहे, कारण सिंहाच्या वावराने नीलगाय आणि डुक्कर पिकापासून दूर राहतात, असे तेथील शेतकरी सांगतात. म्हणजे गीरमध्येही सिंह केवळ श्रद्धेवर जगत नाही, त्याचा खर्च कोणीतरी नियमित भरते. शिवाय मोकळ्या रानातील सगळे आशियाई सिंह एकाच प्रदेशात आहेत. २०१८ मध्ये, आमच्या बागेत बिबट्या मेला त्याच वर्षी, गीरमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या साथीत वीसहून अधिक सिंह मेले. १९९४ मध्ये याच रोगाने सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह मारले होते. मध्य प्रदेशातील कुनो येथे सिंह हलवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, तो अजून अमलात आलेला नाही आणि तेथे २०२२ मध्ये नामिबियाचे चित्ते आले. सिंह आपल्याच राज्यात राहावा हा आग्रह प्रेमापोटी असेलही, पण त्या प्रेमाचा धोका सिंहाला आहे.

शिकारीशिवाय गावाला वाटा देण्याचे प्रयोग आफ्रिकेतही झाले आहेत आणि मला सर्वांत आशा वाटते ती त्यांच्याकडे पाहून. टांझानियातील रुआहा परिसरात गावांच्या जमिनीवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावले जातात. ज्या गावाच्या कॅमेऱ्यात वन्यप्राणी येतील त्या गावाला गुण मिळतात, सिंहासारख्या प्राण्याला जास्त गुण, आणि त्या गुणांच्या हिशेबाने दवाखाना, शाळा आणि गुरांची औषधे यांसाठी मदत मिळते. सिंह गावाच्या शिवारात जिवंत फिरला तर गावाला काही मिळते, इतका साधा तो हिशेब आहे. केनियातील अंबोसेलीच्या परिसरात २००७ पासून मासाई जमातीचे तरुण सिंहांचे राखणदार म्हणून नेमले गेले. एके काळी सिंह मारल्यावर तरुणाला नवे नाव मिळत असे. आता हेच तरुण सिंहांना नावे देतात, हरवलेली गुरे शोधून आणतात, काटेरी कुंपणे भक्कम करतात आणि सिंह कोणत्या बाजूला आहे ते गुराख्यांना कळवतात.

असे काही घडताना मी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच पाहिले आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे समुद्रकासवांची अंडी पूर्वी सर्रास काढली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. लोक घरोघरी उतरतात, सोलकढी आणि उकडीचे मोदक खातात, आणि वाळूतून निघालेली इवली पिल्ले लाटेकडे जाताना पाहतात. गावाला कासवाचा वाटा मिळाला आणि घरटी राहिली. वेळासचे कौतुक मी नेहमी करतो, पण त्याबरोबर हेही सांगावे लागते की कासव कोणाची गाय खात नाही आणि कोणाचे भात लोळवत नाही. कासवाला सांभाळणे सोपे आहे. सिंहाजवळ, बिबट्याजवळ आणि डुकराजवळ राहणे सोपे नाही, आणि बिबट्या पाहायला आमच्या गावात कोणी महोत्सवाला येणार नाही.

म्हणून सिंहाचे डोके भिंतीवर लावणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात आजही आदर नाही आणि तो कधी वाटेल असेही नाही. पण ब्रिटनच्या संसदेत अशी डोकी देशात आणण्यावर बंदी घालणारे विधेयक २०२३ मध्ये कॉमन्स सभागृहात मंजूर होऊन लॉर्ड्समध्ये अडले, तेव्हा मी पूर्वीसारख्या सह्या करू शकलो नाही. बंदीची मागणी करणाऱ्याने तिच्याबरोबर त्या १४ लाख चौरस किलोमीटरचा, तेथील राखणदारांच्या पगाराचा आणि मेलेल्या गाईंचा खर्च उचलण्याचीही तयारी दाखवली पाहिजे. तो खर्च उचलला तर शिकार बंद व्हावी, उद्याच व्हावी. न उचलता केलेली बंदी म्हणजे सिंहावरचे आपले प्रेम दुसऱ्याच्या गोठ्यातून वसूल करणे होय, आणि ते मी वीस वर्षे माझ्याच बांधावर करीत होतो.

तात्यांना मी त्या वर्षी भाताच्या नुकसानीचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. “भीक नको, बांधाचं बघा,” एवढेच म्हणाले. पुढच्या दोन पावसाळ्यांआधी बांधाकडच्या तीस फुटांच्या पट्ट्यातील रानमोडी आणि घाणेरी मी मजूर लावून काढून घेतली, वरच्या अंगाचे रान तसेच ठेवले, आणि मळ्याच्या कडेने सौर कुंपण घातले. कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा, ही अट तात्यांची. मांडणीच्या दिवशी आम्ही दोघे बांधाच्या कडेने फिरलो तेव्हा गवतात आणखी चार फास सापडले. तात्यांनी ते कोयत्याच्या पाठीने ठेचून सरळ केले आणि तारांची गुंडाळी घरी नेली. माकडे कुंपणाला जुमानत नाहीत, ती झाडांवरून येतात आणि नारळ पाडतात. डुकरे मात्र वळली.

गेल्या महिन्यात, मी डोंबिवलीत असताना, संध्याकाळी तात्यांचा फोन आला. बिबट्या परत आला आहे, वरच्या रानात राहतो, पाऊलखुणा त्यांनी दोनदा पाहिल्या आहेत. मग थोडे थांबून म्हणाले, “आमचा कुत्रा नेलान परवा.” कुत्र्याची भरपाई मिळत नाही, हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. मला काय बोलावे ते सुचेना. त्यांनीच विषय बदलला. कुंपणाची बॅटरी उतरली आहे, दुकानदार नव्या बॅटरीचे साडेचार हजार सांगतो, भात पोटरीला यायच्या आत ती बसवली पाहिजे.

“तुमचा अर्धा वाटा धाडा, भाऊ.”

मी तो त्याच रात्री पाठवला.